बोटीवरचा ॲम्प्लिफायर दुपारी बंद पडतो: पंखे वाढवण्याआधी काय तपासायचं

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं. महेश्वरला तिघांनी मिळून घेतलेली 22 फुटी फायबरची बोट, मागे पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन. गाडीतून काढलेला 75 वॅट गुणिले 4 चा (चार चॅनल, प्रत्येकी 75 वॅट) क्लास एबी या जुन्या जातीचा ॲम्प्लिफायर सीटखालच्या पेटीत बसवलाय. साडेसहा इंची चार स्पीकर आणि दोन कॉइलचा दहा इंची सबवूफर (फक्त खालचे सूर, म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर) त्यावर चालतो. सकाळच्या फेरीत दोन दोन तास काही होत नाही. दुपारी निघालात की 35-40 मिनिटांत लाल दिवा लागून आवाज बंद, आणि वीस मिनिटं थांबलं की आपोआप सुरू. पेटीत एक पंखा लावून पाहिलात, फरक पडला नाही. आता पंखे तीन करावेत की मोठा ॲम्प्लिफायर घ्यावा, हा तुमचा प्रश्न आहे.

सध्या दोन्ही नको. इंदूरला मी चोवीस वर्षं गाड्यांच्या साउंडचं काम करतोय आणि गेली काही वर्षं महेश्वर, ओंकारेश्वर, हनुवंतिया इथल्या बोटींचंही करतो. ॲम्प्लिफायर तापतो म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पंखाच येतो. पण माझ्याकडे येणाऱ्या अशा बोटींत बहुतेक वेळा ॲम्प्लिफायर मुळातच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करत असतो. ती का तयार होते ते आधी शोधायचं, मग तिला बाहेरची वाट द्यायची. क्रम उलटा केला तर पंखा लावूनही महिन्याभरात पुन्हा तेच होतं.

काही गोष्टी तुमची बोट पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. सबवूफरच्या दोन कॉइल (आतली तारेची वेटोळी) पॅरलल, म्हणजे शेजारी शेजारी, जोडल्यात की सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, ते तुम्ही लिहिलं नाहीत. वायर 'जाड आहे' म्हणालात, पण किती स्क्वेअर एमएमची आणि निगेटिव्ह कुठे जोडली, हे कळलं नाही. त्यामुळे मी जे सांगतो ते तपासण्याच्या क्रमाने सांगतो. तुमच्याकडे यातलं एकच असेल किंवा तिन्ही असतील.

बंद पडण्याचं कारण उष्णता आहे हे मात्र तुमच्या वर्णनातून बऱ्यापैकी पक्कं होतं. शॉर्ट असता तर पुन्हा चालू करताच लगेच बंद पडला असता. नुसता व्होल्टेज कमी पडल्यामुळे बंद होत असता तर बेसच्या ठोक्यावर तुटला असता आणि इंजिन सुरू करताच परत आला असता. वीस मिनिटं थांबून आपसूक येणं ही थर्मल प्रोटेक्शनची, म्हणजे फार तापल्यावर स्वतःला बंद करून घेण्याची, खूण आहे. बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये हे संरक्षण हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा भाग) 80 अंशांच्या आसपास गेल्यावर लागतं.

आता पहिला संशय, सबवूफर. एक आणि दोन नंबरच्या चॅनलवर चार स्पीकर, तीन आणि चार ब्रिज करून, म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र करून, त्यावर सब, ही तुमची जोडणी. दोन कॉइल म्हणजे बहुधा 4 अधिक 4 ओहम (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध; तो जितका कमी, तितका करंट जास्त). त्या पॅरलल जोडल्या तर 2 ओहम होतात. गाडीच्या बहुतेक चार चॅनल ॲम्प्लिफायरवर छापलेलं असतं की ब्रिज केल्यावर कमीत कमी 4 ओहम. ब्रिजमध्ये दोन चॅनल एकच भार दोन्ही बाजूंनी ओढतात, म्हणून प्रत्येक चॅनलला तो निम्मा दिसतो. म्हणजे 2 ओहमचा सब जोडलात की त्या बिचाऱ्या चॅनलला 1 ओहम दिसतो आणि त्याला 2 ओहमच्या खाली जायची परवानगीच नसते. वाजतो छान, दणका जोरदार येतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. सकाळच्या गार हवेत तो तगूनही जातो.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलमधून सबच्या दोन्ही वायरी काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि मोजा. मीटरवरचा आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमी येतो. 4 ओहमची एक कॉइल साधारण 3.2 ते 3.6 दाखवते. तुमच्या वायरींवर 1.7 च्या आसपास आलं तर कॉइल पॅरलल आहेत आणि दोषी सापडला. 7 च्या आसपास आलं तर सिरीजमध्ये आहेत आणि या बाजूने तुम्ही सुरक्षित आहात. पॅरलल असतील तर सिरीजमध्ये करून घ्या, भार 8 ओहम होईल. "मग आवाज पडेल ना?" असं प्रत्येक जण विचारतो. ब्रिजमध्ये परवानगी असलेल्या 4 ओहमच्या तुलनेत 8 ओहमवर पॉवर साधारण निम्मी मिळते, पण पॉवर निम्मी होणं म्हणजे 3 डेसिबलचा फरक. कानाला तो जेमतेम कळतो. उघड्या नदीवर, शेजारी इंजिन चालू असताना, माझ्या एकाही गिऱ्हाइकाने याची तक्रार केलेली नाही.

चार स्पीकरचंही असंच पाहा. एकेका चॅनलवर दोन दोन 4 ओहमचे स्पीकर पॅरलल म्हणजे 2 ओहम. बहुतेक ॲम्प्लिफायरना हे चालतं, पण ते शेवटच्या पायरीवर उभे असतात. निमाडच्या उन्हात शेवटच्या पायरीवर उभं राहायचं नाही, हा माझा नियम. इथेही दोन दोन स्पीकर सिरीजमध्ये घेऊन मी काम भागवतो.

दुसरा संशय वायरचा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण गाडी बसवणारा माणूस बोटीवर नेमका इथेच चुकतो. गाडीत बॉडी अर्थ मिळते. पॉझिटिव्ह वायर बॅटरीपासून आणायची, निगेटिव्हला हातभर वायर घेऊन पत्र्याला स्क्रू मारायचा, झालं. फायबरच्या बोटीला पत्रा नसतो. निगेटिव्ह वायरही तेवढीच जाड आणि थेट बॅटरीपर्यंत न्यावी लागते. हातात ती सवय नसते, मग जवळ जी निगेटिव्ह सापडेल तिलाच जोडणी होते.

हनुवंतियाच्या जलाशयावरची एक बोट मला आठवते. तिच्यात क्लास डीचा, म्हणजे मुळात कमी तापणाऱ्या जातीचा, ॲम्प्लिफायर होता, तरी तापत होता. मालकाने दोन पंखे लावून घेतले होते. मी मीटर लावला. गाणं चालू असताना बॅटरीवर 12.5 व्होल्ट, ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर 10.6. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडवर (निगेटिव्ह टर्मिनलवर) ठेवली. तिथे शून्याच्या जवळपास यायला हवं, आले 1.5 व्होल्ट. डॅशबोर्डखाली हात घातला तर ॲम्प्लिफायरची जाड काळी वायर हॉर्न आणि दिव्यांच्या निगेटिव्हला पिळून जोडलेली, आणि ती पुढची वायर दीड स्क्वेअर एमएमची. तिचं प्लॅस्टिक बोटाला मऊ लागत होतं आणि एका जागी तेलकट चमकत होतं. वायर बदलून थेट बॅटरीवर नेली. तेच गाणं, तोच आवाज, तीच दुपार, आणि हीटसिंक 76 अंशांवरून 67 वर आला. पंख्यांना मी हातही लावला नव्हता.

असं का होतं ते सांगतो. ज्या ॲम्प्लिफायरचा आतला पॉवर सप्लाय रेग्युलेटेड असतो, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज बदलला तरी आतला तेवढाच राखतो, तो व्होल्टेज कमी पडला की तेवढीच पॉवर द्यायला करंट जास्त ओढतो. करंटच्या वर्गाने उष्णता वाढते. तुमच्यासारख्या जुन्या क्लास एबीत सप्लाय बहुधा रेग्युलेटेड नसतो. तिथे व्होल्टेज पडला की आवाज दबतो, मग हात व्हॉल्यूमकडे जातो आणि ॲम्प्लिफायर क्लिप व्हायला, म्हणजे क्षमतेबाहेर जाऊन आवाजाची टोकं कापायला लागतो. वाट वेगळी, शेवट तोच.

तुमच्या बोटीचा हिशोब करून पाहा. बॅटरी ते ॲम्प्लिफायर 5 मीटर, जाऊन येऊन 10. घरगुती वायरिंगची 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल तर तिचा रोध मीटरला 4.3 मिलिओहम, एकूण 43. बेसच्या ठोक्याला 40 अँपियर ओढले गेले की 1.7 व्होल्ट वायरीतच गेले. 16 स्क्वेअर एमएम घेतलीत तर हाच आकडा 0.4 वर येतो. नदीतल्या बाणेश्वर मंदिराजवळ इंजिन बंद करून बोट तरंगत ठेवता तेव्हा बॅटरी आधीच 12.3-12.4 वर असते, त्यातून 1.7 वजा करा.

वायर विकत घेताना टोक कापून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. महाराणी रोडवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि स्वस्तातला हातात जड लागत नाही, एवढ्यावरूनही कळतं. ॲल्युमिनियमची वायर त्याच जाडीत खूपच जास्त व्होल्टेज खाते आणि पाण्याजवळ लवकर कुजते. मिळाली तर कल्हई केलेली बारीक तारांची तांब्याची वायर घ्या. नर्मदेचं पाणी गोडं आहे, समुद्रासारखा खाराचा त्रास नाही, पण दमटपणाने वायरीच्या टोकाच्या लगमध्ये (स्क्रूखाली बसणाऱ्या धातूच्या कडीत) हिरवा थर येतोच.

आणि फ्यूज. ॲम्प्लिफायरवर 30 चे दोन फ्यूज आहेत म्हणून कोणी बॅटरीजवळ 60 चा फ्यूज टाकला असेल आणि वायर 4 स्क्वेअर एमएमची असेल, तर आजच बदला. ती वायर 30 अँपियरच्या आसपासची. शॉर्ट झाला तर फ्यूजच्या आधी वायर पेटेल, तेही पेट्रोलच्या टाकीशेजारी. फ्यूज वायरीच्या क्षमतेचा हवा आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा.

तिसरं, गेन (येणारा सिग्नल ॲम्प्लिफायरने किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) आणि बेस बूस्ट. बूस्टचं बटण शून्यावर आणा. 6 डेसिबल बूस्ट म्हणजे त्या सुरांना चौपट पॉवर, 12 डेसिबल म्हणजे सोळापट. चार स्पीकरच्या चॅनलवर हाय पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) 80 ते 100 हर्ट्झवर चालू करा; खालचा सूर सब वाजवतोच, लहान स्पीकरनी त्यात शक्ती घालवायचं कारण नाही. गेन लावताना स्पीकर काढून ठेवा, फिल्टर तेवढ्यापुरता बंद ठेवा, स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर ठेवून 100 हर्ट्झचा टोन वाजवा आणि चॅनलच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. 75 वॅट आणि 4 ओहमचा गुणाकार 300, त्याचं वर्गमूळ 17.3. मीटरवर 16 आले की थांबा. 1000 हर्ट्झचा टोन मी घेत नाही, कारण साधे मीटर घरच्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि वरच्या सुरांवर चुकीचं दाखवू शकतात.

इथे एक गैरसमज दूर करतो. "मी तर अर्ध्यावरच वाजवतो," असं तुम्हीही लिहिलंत. क्लास एबीचा स्वभाव असा की तो सगळ्यात जास्त उष्णता पूर्ण आवाजाला नव्हे, पूर्ण पॉवरच्या साधारण 40 टक्क्यांवर सोडतो. म्हणजे ज्या आवाजात माणसं तासन्तास गाणी ऐकतात तिथेच तो सगळ्यात वाया घालवतो. तुमची चूक काही नाही, त्या जातीचा गुणच तसा आहे.

आता येऊ पेटीकडे. मध्यम आवाजात समजा सगळ्या स्पीकरना मिळून सरासरी 50 वॅट जातायत. क्लास एबी त्या पातळीला 30 टक्क्यांच्या आसपास काम करतो, म्हणजे बॅटरीतून 165 वॅट घेतो आणि 115 वॅट उष्णता म्हणून पेटीत सोडतो. 25 वॅटची चार-पाच सोल्डरिंग आयर्न बंद पेटीत चालू ठेवून वर गादी टाकून बसल्यासारखं आहे हे. तुमचा पंखा त्याच पेटीतली तीच तापलेली हवा फिरवत राहिला, म्हणून फरक पडला नाही.

115 वॅट उष्णता बाहेर न्यायला, आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10 अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर मिनिटाला साधारण 20 घनफूट हवा बदलावी लागते. कॉम्प्युटरचा 120 मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्या हवेत 50 च्या वर देतो. जाळी आणि वळणात निम्मा गेला तरी पुरतो. तुम्हाला तीन पंखे नकोत, दोन भोकं हवीत. एक खाली, एक वर, आणि समोरासमोरच्या बाजूंना. खालून गार हवा येईल, वरच्या भोकावर पंखा बाहेरच्या दिशेने फुंकणारा. दोन्ही भोकं पेटीच्या उभ्या बाजूंना घ्या. वरच्या फळीवर घेतलीत तर गादीखाली बंद होतील. बाहेरून झडपेची जाळी लावा, तोंड बोटीच्या मागच्या बाजूला, म्हणजे तुषार आत येणार नाहीत.

पंखा ॲम्प्लिफायरच्या निळ्या रिमोट वायरवर थेट जोडू नका. स्टिरिओच्या त्या वायरीतून जेमतेम इशाऱ्यापुरता करंट मिळतो. त्या वायरीने रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) चालवा, रिलेने पंखा. मधे 45 अंशांवर जुळणारा छोटा थर्मोस्टॅट हीटसिंकला स्क्रूने बसवला तर सकाळी पंखा उगाच फिरत नाही.

पेटीत अंथरलेलं कार्पेट काढून टाका. ॲम्प्लिफायर पेटीच्या उभ्या भिंतीवर लावा, हीटसिंकचे पंख उभे राहतील असा, म्हणजे दोन पंखांमधून तापलेली हवा आपोआप वर चढते. पंख आडवे राहिले तर हवा त्यांच्यातच अडकते. मागे लाकडी ठोकळे देऊन बोटभर जागा सोडा, चारही बाजूंना दोन-तीन इंच. छताला उलटा लटकवू नका. सुरुवातीच्या काळात जागा वाचवायला मी एका बोटीत तसा लावला होता, आणि त्या गरम हवेच्या थरात तो दीड वर्षात गेला. उघडला तेव्हा आतल्या कपॅसिटरची डोकी फुगलेली होती. कपॅसिटरला 10 अंश जास्त उष्णता मिळाली की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे.

एका गोष्टीवर माझी तडजोड नसते. ही पेटी आणि पेट्रोलची टाकी किंवा इंजिनाची जागा आतून जोडलेली असेल तर ॲम्प्लिफायर तिथून काढाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि तुमचं हवा आत घेणारं भोकही खालीच असणार आहे. साध्या रिलेची ठिणगी तिला पुरते. नवं भोक पाडण्याआधी फळीमागे काय आहे ते टॉर्च घेऊन पाहा.

उन्हाचंही सांगतो. इंदूरहून निघून मानपूरचा घाट उतरलं की हवा बदलते हे आपल्याला माहीत आहे. मे महिन्यात बाहेर 43 अंश आणि पेटी उन्हात असेल तर गाणं लावायच्या आधीच आत 55 सहज होतं. मी स्वतः मोजलंय. मग 80 पर्यंत पोहोचायला उरतात 25 अंश. सकाळी तेच अंतर 50 चं असतं. तुमची सकाळ आणि दुपार यांत एवढाच फरक आहे. पेटीवर छताची सावली येत नसेल तर निदान वरची बाजू पांढरी रंगवा. आणि घाटावर बोट बांधलेली असताना पेटीचं झाकण उघडं ठेवलंत तरी निघताना ती बरीच गार मिळते.

म्हणजे क्रम असा: सबचे ओहम, मग दोन्ही वायरींतली घट, मग गेन आणि फिल्टर, मग पेटीला दोन भोकं आणि एक पंखा. पहिल्या तिघांचा खर्च फक्त वायरीचा आहे.

एवढं करूनही दुपारी बंद पडला तर मात्र क्लास डीचा ॲम्प्लिफायर घ्या. तेवढ्याच 50 वॅटला तो 115 ऐवजी 15-20 वॅट उष्णता सोडतो. 'मरीन' लिहिलेला घेतलात तर उत्तम, त्याच्या सर्किट बोर्डावर ओलावा रोखणारा लेप असतो. पण तो बहुधा चहूबाजूंनी बंद असतो, आत पंखा नसतो, म्हणून त्यालाही मोकळी हवा तेवढीच लागते. मरीन आहे म्हणून कार्पेटच्या पेटीत चालेल, असं नाही.

वायर बदलण्याआधी मला तीन आकडे कळवा: सबच्या वायरींवरचे ओहम, गाणं चालू असताना बॅटरीवरचे आणि ॲम्प्लिफायरवरचे व्होल्ट, आणि अर्ध्या तासानंतर हीटसिंकचं तापमान. तापमान बंदुकीसारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरने घेणार असाल तर हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखा. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते यंत्र खूप कमी आकडा दाखवतं, आणि 75 अंशांचा हीटसिंक तुम्हाला 45 चा वाटेल.